अंड्यांचा ट्रे

अहो, ऐकलंत का? समोरच्या वहिनी माद्रिदहून आल्या. तीन महिने लेकीकडे होत्या ना. तिथे काय घोळ घालून आल्यात, ते लेकीनंच मला फोनवर सांगितलं... तुमच्या-माझ्यात राहू दे हं.

जावयाचे मित्र जेवायला आलेले. टेबलावर पाद्रोनच्या मिरच्या. गालिसियातल्या हो त्या, बोटाएवढ्या हिरव्या, तेलात परतून वर जाड मीठ. बहुतेक अगदी फिक्या, पण मधेच एखादी अशी निघते की डोळ्यांतून पाणी! कुठली, ते खाल्ल्याशिवाय कळत नाही. जावई कोल्हापूरचा, तरी घेईना. तर एक मित्र म्हणाला, "आ के नो!" आणि दुसरा, "नो आय वेवोस!"

वहिनींचं स्पॅनिश मोबाइलवरचं. त्यात 'वेवोस' म्हणजे अंडी, एवढं पक्कं. 'नो आय', म्हणजे नाहीत. बाई उठल्या आणि फ्रीजमधला अख्खा ट्रे टेबलावर! "आहेत की डझनभर!" जावयाचा चेहरा असा पडला म्हणता... लेक लालेलाल. मित्र मात्र टेबलावर हात आपटून हसतायत.

अहो, कोंबडीची नव्हेत ती. आता कसली ते... पुरुषाची हो! तुझ्यात ती नाहीत, म्हणजे तुझ्यात दम नाही. स्पेनमध्ये मित्रामित्रांत सर्रास डिवचतात असं. बायकांनासुद्धा म्हणतात, काय करायचंय! पण सासूसमोर?

तर काय सांगत होते... हां, 'आ के नो'. शब्दाला शब्द लावलात तर त्याचा अर्थच लागत नाही. मुळात ते 'आपुएस्तो आ के नो', पैज लावतो, नाहीच जमणार. त्यातली पैज गिळून टाकली, शेपूट तेवढं राहिलं. आपण नाही का म्हणत, "लागली?" "लागली!" पैज हा शब्द काढतं कोण? समोरच्यानं "आ के सी", जमणारच, म्हणायचं, की लगेच "के ते आपुएस्तास?", बोल, काय लावतोस! मेक्सिकोत "क्वांतो आ के", कितीची, असंही विचारतात. तिथल्या साब्रितास वेफर्सची जाहिरातच 'आ के नो'वर चालली, एकच वेफर खाऊन थांबून दाखव म्हणून. पुस्तकात मेलं 'ते रेतो' शिकवतात, मी तुला आव्हान देतो. कट्ट्यावर कोणी असं बोलतं का हो?

आणि ऐका, त्यातला एक मित्र पूर्ण टकला. मॅचवरून वाद झाला तर म्हणतो, "मे कोर्तो ला कोलेता", नाही तर माझी वेणी कापीन! वहिनी त्याच्या डोक्याकडे बघतच राहिल्या. बैलांशी झुंजणाऱ्या तोरेरोची छोटी वेणी असते, निवृत्त होताना कापतात, त्यावरून आलंय ते. आजकाल तीही खोटीच लावलेली असते म्हणे. वहिनींना मात्र हे एका झटक्यात कळलं. आमचे हे नाही का, गुळगुळीत दाढी करून बसतात आणि म्हणतात, नाही तर मिशी उतरवीन!

शेवटी मिरच्या कोणी खाल्ल्या? वहिनींनी. पाच. एकही तिखट निघाली नाही.

अगबाई, आल्याच बघा त्या. अंडी आहेत का विचारलं, तर हसू नका हं.