मासा सोडून बाकी सगळं

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात, फर्मॉयच्या आसपास, ब्लॅकवॉटर नदीत छातीपर्यंतची रबरी तुमान चढवून कुणी उभा दिसला, तर ‘काय, लागला का एखादा?’ असं चुकूनही विचारू नका. लागलेला नसतोच. पण का नाही लागला, हे ऐकायचं तर दुपार मोकळी हवी.

प्रवचन उगमापासून सुरू होतं. ही केरीच्या डोंगरात जन्मते, मॅलो, फर्मॉय, लिस्मोर करत सरळ पूर्वेला जाते आणि कॅपोक्विनला, काहीतरी विसरल्याचं आठवावं तशी, काटकोनात दक्षिणेला वळून यॉलला समुद्र गाठते. एकूण सुमारे 169 किलोमीटर. ‘एवढ्यात मासा नेमका माझ्याच पुढ्यात कशाला थांबेल?’ हे कारण पहिलं.

पुढची दोन नदीच्या नावांतच आहेत. इंग्रजीत ती ‘काळं पाणी’, आयरिशमध्ये ‘मोठी नदी’. पाणी गढूळ असलं की तो इंग्रजीच्या बाजूचा, पूर आला की आयरिशच्या. नितळ आणि बेताचं असलं, तर म्हणतो, ‘मासा आपल्याला बघतो ना!’

मग डबा उघडतो. आत तांबड्या-केशरी केसांच्या नकली माश्या ओळीनं टोचलेल्या. एक निवडून दोऱ्याला गाठ मारतो, थुंकी लावून आवळतो आणि सांगतो, ‘समुद्रातून नदीत शिरलेला सॅमन काही खातच नाही.’

‘मग गळ कशाला धरेल?’

‘चिडून,’ तो शांतपणे म्हणतो. ‘आज त्याचा मूड चांगला दिसतोय.’

यॉलला 1954 मध्ये जॉन ह्यूस्टननं ‘मोबी डिक’चं चित्रीकरण केलं होतं. त्यातला देवमासा खोटा होता, हे तो आवर्जून सांगतो. आपल्या हातून सुटलेला मात्र खरा होता आणि लांबीला फारसा कमी नव्हता.

सॅमनचा हंगाम इथं 1 फेब्रुवारी ते 30 सप्टेंबर. परवाना लागतो, ठेवलेल्या माशाला बिल्ला अडकवावा लागतो, वहीत नोंद करावी लागते. हंगाम संपला की मासा मिळो न मिळो, वही सरकारजमा. सरकारबद्दल त्याची तक्रार एवढीच: ‘शून्य लिहायला जागा ठेवलीय, पण कारणांना रकानाच नाही!’