पानशेतला रेंज आहे का?

पावसाळ्यातल्या रविवारी पुण्याहून पानशेतला निघालेली पोरं खडकवासल्यापर्यंत मुकी असतात. पुढे डोंगर जवळ आले, रेंजच्या दांड्या गळू लागल्या की त्यांना कंठ फुटतो. विषय एकच : 'तुझं नेट चालतंय का?' आंबी नदीवरच्या पानशेत धरणाच्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात. पण त्याच्याकडे पाठ करून फोटो काढायची रीत असल्यामुळे अनेकांनी तो फक्त पडद्यावर, स्वतःच्या खांद्यामागे पाहिलेला असतो.

१२ जुलै १९६१ रोजी हे धरण फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्याआधी रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते. आज तसं झालं (देव न करो), तर पाण्याच्या आधी रील पोहोचेल, तेही पार्श्वसंगीतासकट. पळायचं की नाही, ते व्ह्यूज बघून ठरेल.

पोरं अशी मोबाइलात बुडाल्याचं थोरामोठ्यांना फार वाईट वाटतं. ते ही हळहळ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात आणि कोणी कोणी वाचली, ते तासभर तपासत बसतात.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये उपाय काढला : संध्याकाळी सातला भोंगा, मग दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. आमच्या सोसायटीत हे करायचं तर आधी भोंग्याचं ॲप काढावं लागेल.

तेव्हा पालकहो, पोरांना सुट्टीत पानशेतपलीकडे घाटमाथ्याकडच्या एखाद्या गावात जरूर न्या. फक्त दुसऱ्या दिवशी टॉवरच्या मागणीचा अर्ज तुम्हीच लिहायला बसू नका.