आधी आरसी, मग रोडस्टर

दुसऱ्या गाडीच्या रूपावर बेतलेल्या स्पोर्ट्‌स कार दोन जातींच्या असतात. एक स्वतःचं नाव सांगते, दुसरी चोरलेलं नाव मिरवते. पहिली सेकंडहँड मिळत असेल तर जरूर बघा आणि मनात भरली तर घ्या. दुसरीच्या वाटेला जाऊ नका, फुकट मिळाली तरी.

पहिल्या जातीची गाडी आपल्याच राज्यात बांधली गेली. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीने ‘रोडस्टर १.८ एस’ तयार केली. रूप सरळसरळ लोटस सेव्हनचं: लांब नाक, चाकांवर सुटे मडगार्ड, दोनच सीटा, अंग फायबरचं. इंजिन इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल. हिंदुस्थान मोटर्सने काँटेसात आणि अँबेसेडरमध्ये घातलं, त्याच घराण्यातलं. रूप उसनं, पण नाव स्वतःचं. मला ही गाडी आवडते ती त्यासाठीच.

आणि हे रूप उसनं घेण्यात लाज वाटावी असं काही नाही. १९५७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटसने सेव्हन बाजारात आणली, तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स लागत होता, सुट्या भागांवर नाही. म्हणून लोटसने गाडी सुट्या भागांत विकली आणि गिऱ्हाइकांनी ती आपापल्या गॅरेजात जुळवली. १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. केटरहॅम ती आजही बांधते आणि हवी तर सुट्या भागांतही देते. घरच्या घरी पान्यांनी जुळवता यावी अशीच ही गाडी मुळात आखलेली आहे.

आता दुसरी जात. खाली कुठल्या तरी जपानी सेडानचा सांगाडा, वर फायबरची लॅम्बोर्गिनी, नाकावर बैलाचा बॅज. आरसीवर पाच सीटांची सेडान, सिग्नलला दोन सीटांची इटालियन. विकणारा सांगतो, ‘कागद क्लियर आहेत.’ कागद क्लियर आहेतच, फक्त ते या गाडीचे नाहीत.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ स्पष्ट आहे. उत्पादकाने मूळ दिलेला तपशील आणि आरसीवरचा तपशील यांच्यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच निःसंदिग्धपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ज्या गाडीचं अख्खं अंगच बदललंय, तिचे बदल मोजायला बसा.

त्यामुळे पुण्यातल्या हौशी माणसाला माझं सांगणं एकच: गाडी बघायच्या आधी आरसी बघा. फोटोवर भाळू नका, एक्झॉस्टच्या आवाजावर तर अजिबात नाही. नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. मेकर कोण, मॉडेल काय, नोंदणीचं वर्ष कोणतं, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे, एवढं घरबसल्या कळतं. मेकरच्या रकान्यात एक नाव आणि समोर उभं वेगळंच काही असेल, तर टेस्ट ड्राइव्हलाही जाऊ नका.

गाडी बघायला जाताना खिशात पेन्सिल आणि पातळ कागद ठेवा. चेसिसवर नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा, आकडे उमटतात. आरटीओच्या फॉर्मवर चिकटवतात तोच हा चेसिस प्रिंट. सगळे आकडे एका ओळीत, एका खोलीचे, एका वळणाचे आहेत का? आजूबाजूचा पत्रा घासून पुन्हा रंगवलाय का? नंबर ठोकलेला तुकडा वेगळा कापून वेल्ड केलाय का? पाच मिनिटांचं काम आहे. मालक ते करू देत नसेल, तर तुमचे लाखो रुपये वाचले असं समजा आणि निघा.

कागद जुळले, मग गाडी रॅम्पवर घ्या. सुट्या भागांतून जुळवलेल्या किट कारचा जीव सांगाड्यात असतो. फायबर गंजत नाही, म्हणून पंधरा वर्षांची गाडीही वरून नवीकोरी दिसते. आतला लोखंडी पाइप मात्र गंजतो आणि कोकणच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा जास्तच. वेल्डिंग सलग आणि एकसारखी हवी. ढेकळं आलेली, भोकं राहिलेली, ग्राइंडर मारून वर जाड रंग थापलेला जोड दिसला की तिथेच थांबा. फायबरवर बोल्टपासून चहूबाजूंनी फाकलेल्या बारीक चिरा असतील तर खालचा सांगाडा पिळवटतोय का, ते तपासा. स्टिअरिंग आणि सस्पेन्शन जिथे बोल्टने बसतं त्या जागा टॉर्च घेऊन बघा. इंजिन थकलं असेल तर चिंता नाही, ते उघडून बांधता येतं.

मग मालकाला एक यादी मागा: कुठला पार्ट कुठल्या गाडीचा? छोट्या कारखान्यात जुळलेली गाडी दहा गाड्यांच्या पार्टांवर उभी असते. ब्रेकपॅड कोणाचे, क्लचप्लेट कोणाची, व्हीलबेअरिंग कोणाचं, रेडिएटरचा होज कुठला, हे लिहिलेलं असेल तर नाना पेठेत सकाळी जाऊन दुपारपर्यंत सामान हातात येतं. यादी नसेल तर जुना पार्ट पिशवीत घालून दुकानोदुकानी मापं जुळवत फिरावं लागतं. ही यादी जपणारा मालक भेटला तर थोडे पैसे जास्त द्या. त्याने गाडी समजून चालवली आहे.

विम्याला हलकं घेऊ नका. साध्या गाडीची विमा-किंमत कंपनीच्या चालू यादीतल्या दरावरून निघते. इथे चालू दर कुठून आणणार? बंद पडलेल्या मॉडेलची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. ती आधी ठरवा, लेखी घ्या, मगच व्यवहार करा. आणि सह्या केलेले कोरे टीटीओ म्हणजे मालकी-बदलाचे फॉर्म घेऊन गाडी कधीही घरी आणू नका. ‘ट्रान्सफर काय, होऊन जाईल,’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. नोंदणीची पंधरा वर्षं संपत आली असतील तर फेरनोंदणी होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटसाठीसुद्धा चेसिस आणि इंजिन नंबर सरकारी नोंदीशी जुळावे लागतात. बनवाबनवी आज खपली तरी कुठल्या ना कुठल्या खिडकीवर उघडी पडणारच.

आणखी एक गैरसमज काढून टाका. १९६०च्या दशकातली दिसणारी गाडी व्हिंटेज होत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीलाच मिळते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं त्यांनाच. जुनं रूप घेतलेली नवी गाडी त्यात बसत नाही आणि बसूही नये.

इथवर गिऱ्हाइकाला सांगितलं. आता सरकारला.

ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकटी-दुकटी गाडीही तपासणी केंद्रावर नेता येते. तिथे ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सीटबेल्ट, टोकदार कडा असं सगळं बघतात. पास झाली की रीतसर नोंदणी होते. आपल्याकडे ही वाट नाही. केंद्रीय नियम उत्पादकाच्या मॉडेलला मंजुरी देतात: नमुना गाडी एआरएआयसारख्या संस्थेत तपासायची आणि मग तशा हजारो काढायच्या. त्या चाचण्यांचा खर्च हजार गाड्यांत वाटला की जाणवत नाही. एका गाडीवर पडला की माणूस कोलमडतो. मग प्रामाणिक कारागीर हौस सोडून देतो आणि लबाड माणूस सेडानच्या आरसीवर लॅम्बोर्गिनी चढवतो. कायद्याने बंद केली आहे ती प्रामाणिकाचीच वाट.

पुण्याला हे जास्त बोचायला हवं. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय आपल्या वेताळ टेकडीवर आहे. गाड्या तपासणारी सीआयआरटी भोसरीला आहे. २००७ पासून भरणाऱ्या, विद्यार्थ्यांनी गाडी बांधायच्या बाहा स्पर्धेसाठी या शहरातली पोरं कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये रात्र-रात्र जागून पाइप कापतात, सांगाडा वेल्ड करतात, सस्पेन्शन आखतात. स्पर्धेतले परीक्षक त्यांचा एकेक जोड तपासतात. गाडी बांधणारे हात इथे आहेत, तपासणारी यंत्रंही इथे आहेत. नाही तो फक्त या दोघांना जोडणारा एक नियम.

तो करा. एकेका गाडीची मंजुरी सुरू करा. फी कडक घ्या, तपासणी त्याहून कडक ठेवा, वर्षाला ठरावीक गाड्यांची मर्यादा घाला, वेगळ्या रंगाची प्लेट द्या. ब्रेक नापास झाले तर गाडी परत पाठवा, दहादा परत पाठवा. पण जो आपली गाडी आपल्या नावाने आणून उभी करतो, त्याला पास होण्याची संधी तरी द्या.