ठोकेसाहेब

पुण्यात तळजाई टेकडीवर सकाळी सहाला कोणी धावतं, कोणी चालतं, कोणी मोर दिसला म्हणून थांबतं. ठोकेसाहेब मनगटाकडे बघतात. असा गृहस्थ प्रत्येक टेकडीवर एक तरी असतोच. वय पन्नाशीच्या आगेमागे, बुटांची किंमत विचारू नये अशी, आणि डॉक्टरांनी फक्त "रोज जरा चालत जा" एवढंच सांगितलेलं. त्यांना "काय साहेब, कसं काय?" विचारलं की उत्तर येतं, "एकशे अडतीस."

सुरुवात सूत्रापासून झाली. २२० वजा वय म्हणजे हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके, असं कुठेतरी वाचलं. आमचे साहेब ५२ चे, म्हणजे १६८. पुढे कळलं की २००१ साली तनाका नावाच्या संशोधकाने सहकाऱ्यांसह दुसरं सूत्र मांडलंय, २०८ वजा वयाच्या ०.७ पट. आले जवळजवळ १७२. बसल्या जागी चार ठोक्यांची बढती! त्या दिवशी टेकडीवरच्या ग्रुपला इडली-वडा साहेबांकडून. दोन्ही सूत्रं सरासरीची, एखाद्याचा आकडा दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज असू शकतो, हे ग्रुपमधल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पण वडा खाऊन झाल्यावर.

मग घड्याळ आलं. त्याच्या पाठीचा हिरवा दिवा कातडीवर उजेड पाडतो आणि परतणाऱ्या उजेडाच्या चढउतारावरून ठोके मोजतो. घड्याळ सैल असलं की हिशेब चुकतो, आणि साहेबांचं तर बांगडीसारखं खळखळायचं. एका सकाळी सपाटीवर रमतगमत धावताना १७० आकडा आला आणि तिथेच चिकटून बसला. साहेब मटकन बाकावर. दोघांनी पाणी दिलं, एकजण रिक्षा बघायला पळाला. खरं तर साहेबांची पावलंच मिनिटाला १७० पडत होती. घड्याळाने ती मोजून हृदयाच्या नावावर टाकली होती. मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घट्ट बांधलं की हा घोळ बराच कमी होतो. साहेबांनी छातीचा पट्टा मागवला.

पट्टा प्रामाणिक असतो. तो उजेडबिजेड बघत नाही, हृदयाची वीजच पकडतो. मात्र त्याची छातीला टेकणारी बाजू ओली लागते, आणि डिसेंबरात सहा वाजता घाम आणायचा कुठून? पहिली दहा मिनिटं कधी २१०, कधी शून्य. त्यात पॉलिस्टरचा टी-शर्ट कोरड्या हवेत फडफडून स्वतःची वीज तयार करतो, तीही कधीकधी ठोक्यांत जमा होते. त्यामुळे साहेब झाडामागे उभे राहून, टी-शर्ट वर करून, बाटलीतलं पाणी छातीला चोळताना दिसतात. नवखा माणूस काळजीने बघतो. पाणी नसेल तर थुंकीही चालते, हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे.

घरी आल्यावर ओला पट्टा खुंटीवर, वरची डबी तशीच अडकवलेली. ओलाव्यामुळे डबीला वाटतं, साहेब अजून धावतायत. ती झोपतच नाही आणि सेल संपतो. मग तपकीर गल्लीत चक्कर, नाण्याएवढा सेल आणि दुकानदाराशी अर्धा तास चर्चा. अखेर वहिनींना पट्ट्याचा वास सहन होईना. त्यांनी डबी काढली, पट्टा साबणाच्या पाण्यात खळबळून दोरीवर टाकला. साठलेलं मीठ गेलं, दुसऱ्या दिवसापासून आकडे सुरळीत. साहेबांनी ग्रुपवर लिहिलं, "नवीन अपडेट छान आहे."

सध्या ते 'झोन टू'त, म्हणजे आरामशीर धावण्याच्या ठोक्यांत असतात. ठोके ठरलेल्या मर्यादेवर गेले की घड्याळ किंचाळतं आणि साहेब चालू लागतात. चढावर तर काठी टेकत जाणाऱ्या आजी "येते हं" म्हणून त्यांना मागे टाकतात. मे महिन्यात वेग तोच ठेवूनही आकडा चढतो, कारण उकाड्यात अंग गार ठेवायला हृदयाला जास्त राबावं लागतं. हे सगळं साहेबांना तोंडपाठ आहे, आणि खरंही आहे. गंमत एवढीच की आरामशीर धावण्याची जुनी, बिनसेलची परीक्षा म्हणजे धावता धावता सलग वाक्यं बोलता यावीत. ठोकेसाहेब पायथ्यापासून वरपर्यंत एकदाही बोलायचे थांबत नाहीत. म्हणजे पट्टा नव्हता तेव्हापासून ते झोन टूतच आहेत. दम लागतो तो ऐकणाऱ्याला.

तुम्हाला भेटले तर पट्ट्यासाठी पाणी मागतील, जरूर द्या. फक्त कुठलं घड्याळ घ्यावं, हे विचारू नका. विचारायचंच असेल तर रविवारी विचारा.