रेशोवाला

रेशोवाला हा मोटारवेड्यांचा एक पोटप्रकार. मॅन्युअल गिअरच्या, मागच्या चाकांवर पळणाऱ्या आणि इंजिनाने जरा अशक्त अशा देखण्या गाड्यांभोवती तो हमखास सापडतो. बॉनेटखाली चारशे हॉर्सपॉवर बाळगणाऱ्यांना ही बाधा सहसा होत नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून काढलेल्या जुळ्या कूपे गाड्यांनी या जातीची भरघोस पैदास केली. दोन लिटरचे इंजिन, दोनशे हॉर्सपॉवर आणि साडेतीन-चार हजार आरपीएमच्या आसपास टॉर्कला पडलेला खड्डा. मालक गाडी घेतो ती रूपावर भाळून. त्या खड्ड्यात पडतो आणि रेशोवाला होऊन बाहेर येतो.

त्याच्या श्रद्धेचे ठाणे मागच्या डिफरन्शियलमध्ये असते. तिथे छोटे पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवते. चाकाच्या एका फेऱ्यासाठी पिनियनने किती फेरे घ्यायचे, तो फायनल ड्राइव्हचा रेशो. आकडा जेवढा मोठा, तेवढा रेशो आखूड. या गाडीत तो मुळात ४.१ होता. त्या जागी ४.३ चा संच बसवला की प्रत्येक गिअरमध्ये चाकांना सुमारे पाच टक्के जास्त टॉर्क मिळतो. इंजिनाची ताकद मात्र तसूभरही वाढत नाही. हे रेशोवाला स्वतःच आधी सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला सांगायची सोय राहत नाही.

त्याच्याकडे एक एक्सेल शीट असते. तिच्यात प्रत्येक गिअरचा कमाल वेग असतो आणि दुसऱ्या गिअरच्या ओळीवर त्याचे बोट नेहमी जरा घाईने सरकते. कारण तिथेच गोम आहे. ४.१ वर ही गाडी ७४०० आरपीएमला दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ९७ किलोमीटर, म्हणजे साठ मैलांच्या जेमतेम वर जाते. ४.३ वर ती ९३ च्या आतच दम तोडते. म्हणजे ज्या शून्य-ते-साठसाठी पिकअप वाढवला, तिथेच आता एक गिअर जास्त टाकावा लागतो आणि कमावलेले बहुतेक त्या क्लचवर खर्च होते. हे दाखवले की तो म्हणतो, ‘‘ते आकडे मासिकांसाठी. खरी मजा वळणातून बाहेर पडताना!’’ यात तथ्य आहे, हीच पंचाईत.

महामार्गावर सहाव्या गिअरमध्ये ताशी सत्तर मैलांना इंजिन ३००० ऐवजी ३१५० आरपीएमवर गुणगुणते. बायको विचारते, ‘‘आवाज वाढलाय का?’’ तो म्हणतो, ‘‘रस्ता खराब आहे.’’ ॲव्हरेजचा विषय घरात निघत नाही.

संच बसवणे हे खरे कसबाचे काम. पिनियन किती आत बसवायचे ते शिम घालून ठरवावे लागते. क्राऊन-पिनियनच्या दातांमधली ढिलाई डायल गेजवर मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजतात, दातांना रंगीत पेस्ट फासून चाक फिरवतात आणि दात दाताला नेमका कुठे टेकतो त्याचा ठसा पाहतात. यात कसूर झाली की डिफरन्शियल रडू लागते आणि ते रडे काचा बंद करूनही थांबत नाही. रेशोवाला त्याला ‘रेसिंग साउंड’ म्हणतो. जुन्या, केबलवर चालणाऱ्या स्पीडोमीटरच्या गाड्यांत तर वेग आणि किलोमीटर दोन्ही फुगतात. शंभरचे एकशे पाच. गाडी न चालवता म्हातारी होते, पण काट्याकडे पाहून मालक तरुण होतो.

गाडीचे वजन पाच टक्क्यांनी उतरवले तरी जवळपास तोच पिकअप मिळतो. साठ-पासष्ट किलोंचा प्रश्न असतो. रेशोवाल्याचे स्वतःचे योगदान त्यात लक्षणीय ठरू शकते, पण हा पर्याय एक्सेल शीटमध्ये नसतो.

पुण्या-कोल्हापुरात ही जात दुचाकीवर वाढली. आरएक्स १०० च्या मागच्या स्प्रॉकेटला दोन दात वाढवून घेणारा गडी या रेशोवाल्याचा सख्खा भाऊच. फक्त त्याचे काम गॅरेजमध्ये चहा येईपर्यंत उरकते आणि मन भरले की जुने स्प्रॉकेट परत चढते.

२०१७ च्या मॉडेलमध्ये टोयोटा आणि सुबारू यांनी त्या जुळ्या कूपेंच्या अमेरिकेतल्या मॅन्युअल गाड्यांना स्वतःहून ४.३ चा रेशो दिला. चळवळ तिथे संपायला हरकत नव्हती. पण ४.३ ची गाडी घेतलेले रेशोवाले आता ४.५६ च्या संचाचा भाव काढत असतात.