मुक्काम पोस्ट डमी आउटपुट

कोन गावात आवाजाची टंचाई कधीच नव्हती. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागलं, की कंटेनरचे हॉर्न, गोदामात माल चढवणाऱ्यांच्या हाका, या पट्ट्यातल्या यंत्रमागांची खटखट आणि लग्नसराईत हळदीचा डीजे. इथं एखाद्या गोदामाच्या ऑफिसातला जुना लॅपटॉप मुका झाला तर ते कळायलाच संध्याकाळ व्हायची. कळल्यावर जे सुरू होतं त्याला दुरुस्ती म्हणावं की अंगात येणं, हे ठरवणं अवघड आहे. आधी स्पीकरला चापट, मग आवाजाची पट्टी शंभरावर, मग रीस्टार्ट, मग ‘नीट झाला नसेल’ म्हणून आणखी एक रीस्टार्ट. शेवटी एक जाणकार खुर्ची ओढून बसतो आणि चहा येण्याआधीच निकाल देतो: “लिनक्सच काढून टाका.” रात्री कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झालं होतं, ही या गदारोळातली एकमेव कामाची बातमी, तिला कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आवाज परत आणण्याच्या मागे लागण्याआधी मशीन एकदा जुन्या कर्नलवर सुरू करून बघावं. हा इलाज नव्हे, तपास आहे. आणि बहुतेकांना तो पटत नाही तो याचसाठी.

लिनक्समध्ये आवाजाला मधल्यांची फार सोबत असते. ब्राउझर तो पाइपवायरकडे देतो, पाइपवायर अल्साकडे, अल्साचा कर्नलमधला ड्रायव्हर साउंड चिपकडे, आणि मग कुठे स्पीकरचा पडदा हलतो. ही मंडळी एका दिवसात जमलेली नाहीत. यारोस्लाव कीसेला यांनी १९९८ मध्ये ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड नावाच्या एका कार्डासाठी अल्साचं काम सुरू केलं आणि डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलबरोबर ते घरोघरी पोचलं. २००४ मध्ये लेनार्ट पोटरिंग यांचा पल्सऑडिओ आला. पुढे विम टायमान्स यांचं पाइपवायर आलं आणि २०२१ मध्ये फेडोरा या लिनक्स वितरणाच्या ३४ व्या आवृत्तीनं आवाजाचा सगळा कारभार त्याच्याकडे सोपवला. प्रत्येक जण आधीचा गोंधळ निस्तरायला आला, पण आधीचे सगळेच काही निवृत्त झाले नाहीत. अल्सा अजून खाली बसून काम करतोच आहे. अशा वेळी कर्नलला साउंड कार्ड सापडलं नाही, तर वरचे लोक ओरडत नाहीत. ते ‘डमी आउटपुट’ नावाचं एक खोटं यंत्र उभं करतात आणि सगळा आवाज त्यात ओततात. गाणं चालू असतं, वेळ पुढे सरकत असते, पट्टी वरखाली होते, फक्त ऐकू काही येत नाही. एवढ्या शिस्तीत न झालेलं काम मी दुसरीकडे क्वचितच पाहिलंय.

भिवंडीच्या मागांवरचा जॉबर, म्हणजे माग नीट करणारा, या बाबतीत जाणकारापेक्षा शहाणा. माग अडला तर तो सगळा माग उघडून बसत नाही. आधी विचारतो, शेवटी हात कुणी आणि कुठं लावला? धोटा बदलला का, पट्टा चढवला का, बीम कधी बसवला? काल चालत होतं आणि आज नाही, तर या दोहोंच्या मध्ये जे घडलं तिथंच शोधायचं. लिनक्समध्ये ही सोय तयारच असते. उबुंटू आधीचं कर्नल ठेवून देतं, फेडोरा साधारणपणे तीन ठेवतं. मशीन सुरू होताना कर्नल निवडून देणाऱ्या ग्रबच्या मेनूत ती ओळीनं उभी असतात, उबुंटूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये. जुनं निवडा, एंटर दाबा, गाणं लावा.

आवाज आला, तर बिघाड कर्नलच्या बाजूला, आणि तिथले संशयित ओळखीचे आहेत. इंटेलनं २०१८ मध्ये साउंड ओपन फर्मवेअर जाहीर केलं. आतच डिजिटल मायक्रोफोन असलेल्या अनेक लॅपटॉपना नव्या कर्नलनं या नव्या ड्रायव्हरच्या हवाली केलं, आणि त्याला लागणारी फर्मवेअरची फाइल डिस्कवर नसली की ड्रायव्हर हात वर करतो. उबुंटूवर कधी नवं कर्नल येतं, पण त्याचं ‘मॉड्यूल्स एक्स्ट्रा’ हे पॅकेज मागेच राहतं, आणि साउंडचे ड्रायव्हर नेमके त्यात असतात. उलट जुन्या कर्नलवरही सामसूमच असेल, तर कर्नल निर्दोष सुटलं. त्या रात्री त्याच्यासोबत इतर पॅकेजंही बदललेली असतात. आळ कर्नलवर येतो कारण आपल्याला तेवढंच नाव पाठ असतं. मग बघायचं की आवाज एचडीएमआयच्या वाटेनं न जोडलेल्या टीव्हीकडे तर जात नाही ना. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडायचा: काळ्या पडद्यावर उभे रकाने, त्यांच्या तळाशी छोटे चौकोन. चौकोनात ‘एमएम’ दिसलं तर तो रकाना मुका. एमचं बटण दाबलं की तिथं ‘००’ येतं, आणि इथं शून्य शून्य म्हणजे चालू! हे ज्यानं ठरवलं त्याला भेटायची माझी फार इच्छा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: अपडेट करायचंच कशाला? कारण त्यातच सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, आणि गोदामाची बिलं ज्या मशीनवर आहेत त्याचं दार उघडं ठेवून आवाज राखण्यात काही शहाणपण नाही. दुसरा आक्षेप: विंडोज टाका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ असल्या जुन्या लॅपटॉपला उंबऱ्यावरूनच परत पाठवतं. लिनक्स इथं हौसेनं आलेलं नाही. तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे: सगळं पुसून नव्यानं टाकलं तर आवाज येतो की. येतो कधीकधी. पण त्याबरोबर पुरावाही पुसला जातो, आणि पुढच्या अपडेटला तेच कर्नल पुन्हा दारात उभं. बंद करून पूर्ण वीज तोडल्यावर चिप कधीकधी शुद्धीवर येते, हेही खरं; तेवढं करून बघायला माझी ना नाही.

चौथा आक्षेप सज्जनांचा असतो: आपणच काहीतरी चुकलो असू, कर्नल बनवणाऱ्यांची कशी चूक असेल? इथं साक्षीला लिनक्सचे कर्ते खुद्द लिनस टोरवाल्ड्स आहेत. डिसेंबर २०१२ मध्ये ३.८ कर्नलची पहिली चाचणी आवृत्ती निघाली, तेव्हा मीडियाच्या भागातल्या एका बदलानं चुकीचा एरर कोड परत जायला लागला आणि काही मशीनवर आवाजाचे प्रोग्राम बिथरले. तो भाग सांभाळणाऱ्या माणसानं बोट प्रोग्रामकडे दाखवलं. टोरवाल्ड्सनी त्याला जी भाषा वापरली ती इथं छापता येणार नाही, पण नियम स्वच्छ आहे: चालता प्रोग्राम कर्नल बदलल्यानं बंद पडला, तर दोष कर्नलचा. तेव्हा तक्रार बिनदिक्कत करावी, फक्त ‘आवाज येत नाही’ एवढ्यावर थांबू नये. या आवृत्तीत चालत होतं, या आवृत्तीत बंद पडलं, लॅपटॉप अमुक मॉडेलचा: ही एक ओळ पुरेशी मोलाची आहे. दोन आवृत्त्यांत दहा-पंधरा हजार बदल असतात, पण दर वेळी निम्मे बाजूला काढत गेलं तर चौदाएक चाचण्यांत गुन्हेगार बदल हाती लागतो. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधला ‘बायसेक्ट’ हेच करतो. मात्र त्याला चालतं टोक आणि बंद टोक, दोन्ही लागतात. चालतं टोक आपणच फॉरमॅट मारून पुसलं असेल तर तो कुठून निम्मं करणार?

एवढ्याशा आवाजासाठी इतकी यातायात कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी ऑर्का वापरणाऱ्यांकडे बघावं. ऑर्का हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम. दृष्टिहीन माणसाला आवाज हाच पडदा असतो. तो गेला की मेनूही गेला, टर्मिनलही गेलं. मुंबईत जीएनयूखाता हे हिशेबाचं मुक्त सॉफ्टवेअर उभं करणारे कृष्णकांत माने स्वतः दृष्टिहीन आहेत. अशांच्या मशीनवर ‘डमी आउटपुट’ हा विनोद राहत नाही. डोळसांची गैरसोय त्या मानानं किरकोळ, तरी गमतीची: आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलनं लिनक्स मराठीतून शिकवण्याची उत्तम सोय केली आहे, आणि ती नावाप्रमाणे ऐकायची आहे.

राहिला ग्रबचा मेनू. मशीनवर एकटं उबुंटू असेल तर तो लपलेला असतो. नव्या मशीनवर सुरुवातीलाच एस्केप दाबावी लागते, जुन्यावर शिफ्ट धरून ठेवावी लागते. एस्केप एकदाच दाबा. घाईघाईत दोनचारदा दाबलीत तर मेनू मागे टाकून थेट ग्रबच्या काळ्या प्रॉम्प्टपुढे जाल, आणि शेजारचा जाणकार म्हणेल, “बघा, आता तर पूर्णच गेलं.”