वर्ष झालं आणून!

सरपण वाळायला किती दिवस लागतात, हे खर्ड्यात कुणालाही विचारावं. उत्तर दिल्याशिवाय कुणी सोडत नाही आणि दोघांचं उत्तर कधी जुळत नाही. जामखेड तालुक्यातला हा आमचा भाग कोरडा. इथल्या उन्हात पापड, मिरच्या आणि पाहुणे झटपट वाळतात. लाकूड मात्र वेळेवर वाळल्याचं ऐकिवात नाही.

तशी प्रत्येक जळणाची तऱ्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तुराट्या आणि पऱ्हाट्या शेतातूनच वाळून येतात. त्यांच्यासाठी थांबावं लागत नाही, पण चुलीत त्याही थांबत नाहीत. दूध वर यायच्या आत त्यांची राख होते. शेवगा आणि पांगारा वाळून हलके होतात, इतके हलके की जाळूनही हाती काही लागत नाही. सुबाभूळ फोडून उन्हात टाकली तर महिना-दीड महिन्यात कामाला येते. वेडी बाभूळ आपण लावली असं गावात कुणी कबूल करत नाही, पण जळणाला तिच्यासारखी तीच. जराशी ओली असली तरी पेट घेते. गावठी बाभूळ घट्ट, तिला फोडून अख्खा उन्हाळा द्यावा लागतो. चिंच तर आधी कुऱ्हाडीलाच जुमानत नाही. तिच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे पाचर आत जाते आणि तिथंच मुक्काम करते. पिंपळ-औदुंबराची काळजी भटजींनी करावी. नवग्रहांच्या समिधांत पिंपळ गुरूचा आणि औदुंबर शुक्राचा. चुलीवर त्यांचा हक्क नाही.

हे सगळं आमच्या तात्यांना तोंडपाठ आहे. घोटाळा होतो तो मोजणीत. लाकूड दारात पडलं की तात्यांचं पंचांग सुरू होतं. काकूनं चुलीपाशी डोळे पुसले की ओसरीवरून आवाज येतो, "वर्ष झालं आणून! आणखी किती वाळायचं त्यानं?"

लाकडाचं पंचांग वेगळं असतं. सालीसकट पडलेला ओंडका आपलं पाणी मुख्यतः कापलेल्या तोंडांवाटे सोडतो, तेही नाखुशीनं. साल त्याला घट्ट पांघरून बसलेली. कुऱ्हाड पडून ढलप्या निघाल्या, त्या वाऱ्याला मोकळ्या रचल्या, की त्याचा पहिला दिवस उजाडतो. म्हणजे तात्यांच्या हिशेबानं वर्षाचा झालेला ओंडका स्वतःच्या हिशेबानं अजून जन्मलेलाच नसतो. "मृगाच्या आत फोडू की," असं तात्या शिमग्यापासून म्हणतात. सात जूनच्या आसपास मृग लागतो, आणि मग आतून ओलं असलेलं लाकूड वरूनही ओलं होतं.

ओल्या लाकडाचा खर्च पाहावा. एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी आच लागते, तेवढ्या आचेवर विहिरीचं सात लिटर पाणी उकळीला येतं. म्हणजे बंबात ओला फाटा सारला की आधी तो स्वतःची आंघोळ उरकतो, मग उरलं तर आपली. फाट्याच्या टोकाला फेस येतो, चरचर आवाज येतो आणि आळीभर धूर होतो. वखारीत लाकूड वजनावर मिळतं. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असू शकतं. दुष्काळी भागात पाणी सोन्याच्या भावानं विकलं जातं म्हणतात. आम्ही ते लाकडाच्या भावानं घेतो आणि वर हमालीही देतो.

खर्ड्याचं नाव इतिहासात आहे ते मराठे आणि निजाम यांच्या लढाईमुळे, ११ मार्च १७९५. हरलेला निजाम इथल्या किल्ल्याच्या आसऱ्याला आला, मराठ्यांनी त्याला कोंडलं आणि त्याला तह करावा लागला. तोफा, घोडदळ, मुत्सद्दी यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. एवढ्या फौजांच्या चुली कशावर पेटल्या, याचा विचार एकट्या तात्यांनी केला आहे. "मार्च होता म्हणून निभावलं. श्रावण असता, तर दोन्ही फौजा डोळे चोळत घरी गेल्या असत्या."

हा नाद फक्त आमच्याकडेच आहे असं नाही. नॉर्वेत लार्स मायटिंग नावाच्या लेखकाचं लाकूड फोडणं, रचणं आणि वाळवणं यावरचं पुस्तक २०११ साली आलं आणि धडाक्यानं खपलं. २०१३ च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारी टीव्हीनं सरपणावर बारा तासांचा कार्यक्रम केला. त्यावर तक्रारी आल्या. निम्म्यांचं म्हणणं, रचताना साल वर हवी. निम्म्यांचं, खाली हवी. आमच्या पारावर हा वाद टीव्हीशिवाय चालतो आणि बारा तासांत आटोपत नाही.

परीक्षा सोप्या आहेत. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की वाळलेली टणकन वाजते, ओली थप्प करते. वाळलेलीच्या तोंडावर भेगा दिसतात आणि हातात ती हलकी लागते. तात्या रोज आपटून पाहतात आणि त्यांना रोज टणकन ऐकू येतं. तेव्हा लाकूड वाळलं की नाही हे कुऱ्हाड धरणाऱ्याला विचारू नये, फुंकणी धरणारीला विचारावं. ती सविस्तर सांगेल. त्यात लाकडाबद्दल थोडं असेल, तात्यांबद्दल बरंच.